उसनं दिलेलं नाव

आमच्या भागातल्या विजेच्या खांबांवर पूर्वी मूळव्याध आणि ढेकूण या दोनच विषयांवरचं साहित्य प्रसिद्ध होत असे. अलीकडे त्यात तिसऱ्या विषयाची भर पडली आहे. 'खराब क्रेडिट स्कोअर सात दिवसांत साफ करून मिळेल', आणि खाली मोबाइल नंबर. भोसरीपासून चाकणपर्यंत ही चिठ्ठी नसलेला खांब सापडणं कठीण. मी या खांबवाल्यांची प्रतिस्पर्धी आहे. ते सात दिवस सांगतात, मी दोन वर्षं सांगते. साहजिकच गर्दी त्यांच्याकडे असते. त्यांच्याकडून पोळून आलेले लोक मग माझ्याकडे येतात.

माझी नोकरी एका सहकारी बँकेत झाली, आणि त्यातली बरीचशी कर्जवसुली खात्यात. वसुलीला बाई येईल हे कर्जदारांच्या कल्पनेत बसत नसे. दार उघडणारा माणूस आधी माझ्या मागे कोणी मिशीवाला उभा आहे का ते बघायचा. कोणी नाही म्हटल्यावर त्याला थोडा अपमानच वाटायचा; आपलं कर्ज इतकं किरकोळ धरलं की काय, असा. एकानं तर चहा देता देता विचारलं होतं, "मॅडम, साहेब कधी येणार?" साहेब मीच, हे कळल्यावर त्यानं चहात साखर वाढवली.

निवृत्त झाल्यावर घरात बसून कोडी सोडवायचा बेत होता. पण जुने खातेदार शोधत यायला लागले, तेव्हा भोसरीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी एक टेबल घेतलं. फी घेते, थोडीच. फुकटचा सल्ला लोक चहाबरोबर पिऊन टाकतात, हे बँकेत पाहिलेलं आहे.

ज्यांना या प्रकाराशी कधी संबंध आला नसेल त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. स्कोअर म्हणजे तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा. तुम्ही घेतलेल्या प्रत्येक कर्जाचा हप्ता वेळेत आला की नाही, हे बँका आणि फायनान्स कंपन्या नियमानं नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला कळवत असतात. त्यावरून हा आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असाल तर बँकेतला माणूस तुमच्यासाठी खुर्ची ओढतो. सहाशेच्या खाली असाल तर त्याचा सर्व्हर बंद असतो. तरुणपणी मी ज्या कादंबऱ्या वाचल्या त्यांत सावकार असायचे. त्यांना पोट असायचं, सोन्याचे दात असायचे, आणि क्वचित शेवटच्या प्रकरणात पश्चात्तापही व्हायचा. आताच्या सावकाराच्या हातापाया पडायचं म्हटलं तरी त्याचे पाय कुठे आहेत ते कोणाला ठाऊक नाही.

हे समजावून सांगणं हेच माझं निम्मं काम. सांगवीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते. गाडीसाठी कर्ज हवं होतं आणि बँकेनं नकार दिला होता. सोबत प्रशस्तिपत्रकांची जाड फाइल. आयुष्यात एक पैसा उधार घेतलेला नाही, किराणासुद्धा रोखीनं. मी त्यांना सांगितलं, अडचण नेमकी तीच आहे. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही तो फेडेल की नाही हे बँकेला कळायला मार्ग नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे सचोटी सिद्ध करण्यासाठी माणसानं आधी कर्जबाजारी व्हायचं?" मी म्हटलं, थोडंसं, सर. "शाळेत असता तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला," असं म्हणून त्यांनी फाइल उचलली. आठवड्यानं परत आले आणि मिक्सर हप्त्यानं घेऊ का, असं हळूच विचारलं.

दुसरे चाकणजवळच्या एका गावातले भाऊ. भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मी महामार्गावर बघितले होते, त्यामुळे ते आत आले तेव्हा ते छापले होते त्यापेक्षा बुटके वाटले. सोबत दोन कार्यकर्ते, ते उभेच राहिले. भाऊंना माती उकरायचं पोकलेन घ्यायचं होतं आणि कर्ज अडलं होतं. रिपोर्ट काढला तर कारण अगदी फुटकळ निघालं. जमिनीचे पैसे खात्यावर आले तेव्हा बँकेनं आग्रह करकरून एक क्रेडिट कार्ड दिलं होतं. भाऊंनी ते कधी वापरलं नाही, पण वार्षिक फी लागत गेली, ती थकली, आणि भाऊ बुडव्यांच्या यादीत जाऊन बसले.

"एवढ्या चिल्लरीसाठी? आमी काय पळून चाललोय व्हय, मॅडम? वेशीपासनं माळापतूर आमचाच फोटू हाय."

मी म्हटलं, फोटो मी पाहिला, छान आहे, पण फी भरा. एका कार्यकर्त्यानं फोनवर बटणं दाबून तिथल्या तिथे भरली. आता आकडा आजच वर आला पाहिजे, कोणाला फोन करायचा तेवढं सांगा, असं भाऊंचं म्हणणं. फोन करण्यासारखा कोणीच माणूस या व्यवहारात नाही, वाट बघावी लागेल, हे ऐकून ते खरोखर विचारात पडले. फोन करून काहीच होत नाही असं ऑफिस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. जाताना त्यांनी मला नमस्कार केला. मला की त्या ऑफिसाला, ते सांगता येत नाही.

पण अशी माणसं मजेपुरती. ज्याच्यासाठी मी खरी जागले तो बालाजी.

बालाजी लातूरकडचा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं कंत्राटी कामगार होता, मग परमनंट झाला. आमच्या पट्ट्यात या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्यांना सांगावं लागेल. परमनंट मुलाला लोक मुलगी देतात. कंत्राटी मुलाचं स्थळ सुचवताना आवाज खाली जातो. मोबाइलच्या दुकानात शून्य टक्के व्याजाचं टेबल मांडून बसलेला पोरगाही पगाराची पावती बघतो, आणि कंत्राटी दिसलं की मान हलवतो.

यावर गावाकडच्या मुलांनी आपला इलाज काढला आहे. भाड्याच्या खोलीत एकत्र राहणाऱ्यांपैकी जो पहिला परमनंट होतो, त्याच्या कागदांवर बाकीच्यांच्या वस्तू निघतात. पगाराच्या दिवशी कंपनीच्या गेटबाहेर टपरीवर प्रत्येकजण आपापला हप्ता त्याच्या हातात देतो. याला कोणी उपकार म्हणत नाही. ती पाळी असते. बालाजी या भागात नवा आला तेव्हा त्याचा पहिला फोन त्याच्या थोरल्या चुलतभावाच्या, माधवच्या नावावर निघाला होता. माधव तेव्हा भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात परमनंट होता. आता पाळी बालाजीची. पेढे वाटले त्याच आठवड्यात त्याच्या नावावर चार फोन, एक फ्रिज आणि कोणाच्या तरी बहिणीच्या लग्नातला टीव्ही निघाला.

पुढे कंपनीनं एक लाइन बंद केली. कंत्राटदारानं पोरं कमी केली, पोरं गावी गेली, त्यांच्याबरोबर फोन गेले. हप्ते तेवढे इथे राहिले. बालाजीनं थोडे भरले, मग थांबला. जो फोन आपण वापरलाच नाही त्याचा हप्ता आपण बुडवला असं कसं होईल, हा त्याचा प्रश्न, आणि कोर्टात नव्हे पण ओट्यावर तो पटण्यासारखा होता. आकडा पार साडेपाचशेच्या खाली घसरला.

हे त्याला कळलं ते घराच्या वेळी. बालाजी आणि त्याची बायको रेखा दिघीत एका निवृत्त सुभेदारांच्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होते. वरच्या मजल्यावर राहणारे सुभेदारसाहेब साताऱ्याकडे मुलाजवळ जायचं म्हणत होते आणि हा भाड्याचा फ्लॅट विकायला काढायचा होता. त्यांनी या दोघांना पहिला हक्क दिला. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत थांबतो, त्यानंतर एजंटला चावी, असं फौजी भाषेत बजावलं. दिघीत भाव असे वाढत होते की हा फ्लॅट गेला तर दुसरा त्यांच्या आवाक्यातला नव्हता. मुलीची शाळा त्याच गल्लीत. रेखा घरून जेवणाचे डबे देते, तिची गिऱ्हाइकंही सगळी आसपासची. घर गेलं तर शाळा आणि धंदा दोन्ही हलणार.

दोघं माझ्याकडे आली तोपर्यंत बालाजीनं आणखी दोन चुका करून ठेवल्या होत्या. एक म्हणजे मिळेल त्या बँकेत अर्ज टाकले होते. प्रत्येक अर्जाची नोंद होते, आणि दहा दारं ठोठावणारा माणूस बँकेला घायकुतीला आलेला दिसतो. दुसरी म्हणजे खांबावरच्या एकाला आगाऊ पैसे दिले होते. त्यानं अर्ध्या रकमेत तडजोड करून टाकायचा सल्ला दिला होता. तडजोड केली की वसुलीचे फोन थांबतात, हे खरं. पण रिपोर्टावर तसा शेरा वर्षानुवर्षं राहतो, आणि पुढची बँक त्याचा अर्थ एवढाच लावते, की यानं अर्धे बुडवले.

बालाजी तावातावानं पोरांची नावं घेत होता. रेखा शांतपणे म्हणाली, "पेढे मीच वाटले हो, मॅडम. तवा काय माहीत, पेढ्याबरोबर ह्यांचं नाव पण वाटायलोय म्हणून."

मला ती बाई तिथेच आवडली.

पहिलं काम, थकलेलं सगळं पूर्ण भरायचं आणि 'काही देणं नाही' असं पत्र हातात घ्यायचं. बालाजीनं ओव्हरटाइम करून, रेखानं डबे वाढवून ते केलं. गावी गेलेल्या पोरांना फोन लावले. दोघांनी मुकाट्यानं पैसे पाठवले. एकानं पैशांऐवजी गावच्या जत्रेचा व्हिडिओ पाठवला. तो मी पाहिला. चित्र फार स्वच्छ होतं. फोन चांगला निवडला होता.

दुसरं काम, चांगल्या वागण्याचा नवा इतिहास तयार करायचा. त्यासाठी बँकेत थोडी रक्कम मुदत ठेव म्हणून ठेवून तिच्या आधारावर एक छोटं क्रेडिट कार्ड काढायचं. महिन्याला थोडं वापरायचं आणि बिल आलं की सगळं भरून टाकायचं. कार्ड आलं. तीन-चार महिन्यांनी बघते तो आकडा जागचा हलायला तयार नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की कार्ड देव्हाऱ्यात आहे. या वस्तूनं आधीच एवढं रामायण घडवलं, आता हिला हात लावायचा नाही, म्हणून बालाजीनं त्याला हळदकुंकू वाहून ठेवलं होतं. मी ते मागवलं. चिपमध्ये कुंकू गेलं होतं. टाचणीनं साफ केलं आणि रेखाच्या हातात दिलं, किराणा यावरच आणायचा म्हणून.

ती म्हणाली, "आमच्याकडं किराण्याचे पैसे हायतच, मॅडम. मग बँकेकडून घ्यायचे आणि बँकेलाच द्यायचे, हे कशाला?"

इतकी वर्षं बँकेत काढून याचं समाधानकारक उत्तर मला देता आलं नाही. मी म्हटलं, बँकेला बघायला आवडतं. तिला ते पटलं. सासरी निम्मी कामं त्याच कारणानं करतात, म्हणाली.

तिसरं काम सगळ्यात अवघड, ते म्हणजे काहीच न करणं. बालाजी दर टी-ब्रेकला फोनवर आकडा बघायचा. स्वतःचा आकडा स्वतः बघितल्यानं तो कमी होत नाही, बघणाऱ्याचं रक्त तेवढं कमी होतं. आंब्याची कोय लावून रोज उकरून पाहणारी मुलं असतात, तशातली गत. शेवटी मी त्याला सांगितलं, पगाराच्या दिवशीच बघायचं. अधेमधे बघितलं तर फी दुप्पट.

मधल्या काळात मी रेखाचाही रिपोर्ट मागवला. तो कोरा आला. कर्ज नाही, कार्ड नाही, म्हणून आकडाही नाही. रोज इतक्या लोकांना वेळेवर जेवायला घालणारी बाई, आणि बँकेच्या लेखी ती जन्मालाच आली नव्हती. मी तिला कणीक मळायचं यंत्र तिच्या स्वतःच्या नावावर, छोट्या कर्जावर घ्यायला लावलं. आधी ती बिचकली. मग घेतलं, आणि हप्त्याच्या आदल्या दिवशीच पैसे खात्यात ठेवायला लागली. बँकेच्या माणसाला तिला आठवण करायची संधी एकदाही मिळाली नाही.

दुसऱ्या वर्षी गणपती उठले तेव्हा बालाजीचा आकडा सातशेच्या पुढे गेला होता. सुभेदारसाहेब थांबले होते. एका बँकेनं कागद मागवले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग पहिली शिफ्ट संपवून बालाजी एकटाच, कंपनीच्या कपड्यांतच माझ्याकडे आला. टेबलावरचा पेपरवेट फिरवत त्यानं विचारलं,

"मॅडम, एक मोटारसायकल काढली, तर किती खाली येईल?"

मोटारसायकल त्याला नको होती. त्याच्याकडे एक होती, जुनी पण चालती, कर्ज फिटलेली. गाडी हवी होती माधवला. भोसरीतला तो कारखाना बंद पडून कितीतरी दिवस झाले होते. पार्सल पोचवायचं काम मिळत होतं, पण त्याला स्वतःची गाडी लागते, आणि बिनकामाच्या माणसाला कोणी हप्त्यानं गाडी देत नाही.

मी म्हटलं, आकडा किती उतरेल हा प्रश्नच नाही. नव्या गाडीचा हप्ता तुमच्या पगारातून वजा धरतील, तेवढं घरकर्ज कमी बसेल, आणि सुभेदारांची रक्कम पुरी होणार नाही. गाडी काढलीत तर घर गेलं.

"माधवदादानं मला फोन काढून दिला तवा त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, किती खाली येईल म्हणून."

तीस वर्षं मी लोकांना नाही म्हणण्याचा पगार घेतला, पण तेव्हा समोरचा माणूस बँकेचा कर्जदार असायचा आणि पैसेही बँकेचे. इथे मी एका भावाला दुसऱ्या भावाला नाही म्हणायला शिकवत होते. आणि शिकवलंच. काढू नका, म्हटलं. या धंद्यात माझ्याकडून जे सल्ले दिले गेले, त्यांत इतका बिनचूक आणि इतका बेचव सल्ला दुसरा नाही.

पुढचं रेखानं सांगितलं ते असं. रविवारी माधव जेवायला आला. बालाजी उत्तर द्यायच्या ऐवजी त्याला भाकरीच वाढत राहिला. एक झाली की दुसरी, नको म्हटलं तरी तिसरी. माधव समजायचं ते समजत होता, पण त्यालाही विषय निघालेला नको होता. शेवटी भाकऱ्या संपल्या. रेखा तव्याजवळून उठून बाहेर आली.

"दादा, ह्यांचं नाव नका मागू. गाडी न्या."

"कुठली गाडी?"

"ही खाली लावलेली. घेऊन जा. नव्या गाडीला नाव लागतं, हिला काय लागत नाही."

"आन् ह्यानं कामाला उडत जायचं का?"

"कंपनीची बस येती की नाक्यावर. आणि माझे दुपारचे डबे पण तुमीच टाका. आता डबे टाकणाऱ्या पोराला देते तेच पैसे तुमाला देईन."

बालाजीला यातलं काहीच आधी माहीत नव्हतं. रेखाच्या म्हणण्याप्रमाणे, त्याचं तोंड गाडी हरवल्यासारखंही झालं आणि ओझं उतरल्यासारखंही. माधव ताटावर हात सुकेपर्यंत बसला. मग विचारलं, "पेट्रोल कुणी टाकायचं?"

"ज्याचं बूड सीटवर, त्यानं," रेखा म्हणाली, आणि आत जाऊन चावी घेऊन आली.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. माधवनं गाडी नेली, डबेही टाकले, पण बरेच दिवस तो बालाजीशी कामापुरतंच बोलायचा. गाडी मिळाली तरी नाव मिळालं नाही, हे त्याच्या मनात राहिलंच. आपल्याकडे वस्तूपेक्षा नावाची किंमत जास्त आहे, हे आकडे काढणाऱ्या त्या यंत्राला आणि माधवला सारखंच ठाऊक होतं. मधल्या मध्ये मी कुठल्या बाजूची, याचा विचार मी अजूनही अधूनमधून करते.

बँकेत मी त्यांच्याबरोबर गेले. कर्ज विभागात टाय लावलेला एक चुणचुणीत अधिकारी होता. त्यानं दोघांचे आकडे पडद्यावर बघितले, एकदा बालाजीकडे पाहिलं, एकदा रेखाकडे. रेखाचा आकडा बालाजीच्या बराच वर होता. बाईंचं नाव पहिलं ठेवलं तर प्रकरण लवकर मार्गी लागेल, व्याजही किंचित कमी बसेल, पण साहेबांना चालेल ना, असं त्यानं अदबीनं विचारलं. माझ्या पाहण्यात इथे भलेभले अडले आहेत. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो कोणाचा, यावरून जिथे भांडणं होतात तो हा मुलूख. बालाजी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आला होता. त्यानं ते खिशात सारलं, आपली खुर्ची थोडी मागे घेतली आणि म्हणाला, "त्यांचंच ठेवा. त्यांना 'नाही' म्हणता येतं."

अधिकाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं रेखापुढे पेन केलं.

कर्ज दिवाळीच्या आधी मंजूर झालं आणि खरेदीखतही झालं. ज्या घरात ती आधीपासून राहत होती तेच घेतल्यामुळे चावी देण्याघेण्याचा सोहळा करायला काही जागा नव्हती. वास्तुशांतही पुढे कधीतरी म्हणून लांबणीवर टाकली. मी फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा बालाजी शिफ्टला होता. रेखा हॉलमध्ये स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होती, आणि सामान बांधून निघायच्या तयारीत असलेले सुभेदारसाहेब खाली स्टूल धरून उभे होते. त्यांच्या भाडेकरारात भिंतीला खिळा मारायला सक्त मनाई होती.

"जरा डावीकडे," ते म्हणत होते. "तिथून वायर गेलीय."

खिळा बसला. मी विचारलं, काय लावणार आहेस?

"अजून काय ठरवलं नाही," रेखा म्हणाली, आणि दुसरा खिळा तोंडातून काढला.